भेटीची वेळ : चार ते पाच

अक्का, काल तुमचं तेरावं झालं. रात्रीच्या गाडीने तुमचा नंदन बंगलोरला परत गेला. जाताना पाया पडून म्हणाला, काकू, तुम्ही आईचं केलंत तेवढं सख्ख्या मुलानेही केलं नसतं. मी बरं म्हटलं. गाडीत खायला पुऱ्या आणि लोणचं बांधून दिलं. स्टेशनवर मात्र गेले नाही.

आता घरात मी आहे आणि तुमचा वॉकर आहे. तो अजून पलंगापाशीच उभा आहे. सकाळी पाय अडखळला तेव्हा त्यालाच म्हटलं, सरका जरा. मग लक्षात आलं, आणि पुढे जाऊन चहा टाकला. रडू आलं नाही. तुम्ही गेल्यापासून एकदाही आलेलं नाही. लोकांना वाटतं, सिस्टर होती, बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, हिला काय त्याचं. पण हे ते नाही. दाढ काढताना गाल बधिर होतो ना, आपलाच गाल आपण चावून पाहतो, तसं झालंय.

आज लिहायला बसले ते ओट्यावरच्या वाट्यांमुळे. नऊ स्टीलच्या वाट्या आहेत, घासून पालथ्या घातलेल्या. त्यातली एकही माझी नाही. तीन वाट्यांवर 'कुसुम' असं कोरलंय, दोनांवर 'जाधव' आणि चारांवर 'शर्मा परिवार'. ग्वाल्हेरच्या जुन्या भागातल्या, गोरखीतल्या तुमच्या गल्लीतल्या वाट्या शहराच्या या टोकाला थाटीपुरात माझ्या ओट्यावर कशा आल्या, ते तुम्हाला माहीत नाही. मी कळूच दिलं नाही. आज तुम्हाला सांगणार आहे आणि मग ज्यांच्या वाट्या आहेत त्या तिघींना. हिंमत गोळा व्हायला वेळ लागतोय, म्हणून आधी कागदावर.

आपलं भांडण विरजणावरून, आणि तेही चाळीस वर्षांचं. मी झाशीहून लग्न होऊन आले तेव्हा सरकारी दवाखान्यात नुकती लागले होते. सुनेने रात्रपाळी करायची हे सासूबाईंना अजिबात पसंत नव्हतं. तुम्ही थोरली जाऊ. तुम्ही त्यांना सांगितलंत, हिचे पांढरे कपडे मी धुवीन, हिचा डबा मी करीन, तुम्ही फक्त गप्प बसा. सासूबाईंना गप्प बसा म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पुढे आम्हाला मूल झालं नाही, तेव्हाही गल्लीतल्या एका बाईला तुम्ही माझ्याबद्दल चकार शब्द काढू दिला नाहीत. हे सगळं मला पाठ आहे. तुम्हाला तोंडावर कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

पण त्याच पहिल्या वर्षी मी ड्यूटीवरून पाय ओढत घरी आले की तुम्ही माझ्या हातात वाटी द्यायचात. जा, कुसुमकडून विरजण घेऊन ये. अजून पाणीसुद्धा प्यायलेले नसायचे मी. मनात म्हणायचे, सासूबाईंनी ठेवलेला सासुरवास ह्या पुरा करतायत. पाच-सहा दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी येताना बाड्याच्या चौकातल्या हलवायाकडून अर्धा किलो दहीच आणलं आणि तुमच्यासमोर ठेवलं. घ्या, आता कुणाच्या दारात जायला नको. तुम्ही दह्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि नुसतं बरं म्हणालात. त्यानंतर मला कधी पाठवलं नाहीत. मला वाटलं, मी जिंकले.

तुम्ही मात्र जात राहिलात. संध्याकाळी पाच वाजले की पदराखाली वाटी धरून निघायचात. सोमवारी कुसुमताई, बुधवारी जाधवकाकू, शुक्रवारी शर्मा भाभी, मधल्या वारांना आणखी कोण कोण. वाटीभर विरजण आणायला तुम्हाला दोन तास लागायचे. कुणाची गोळी संपली, कुणाचा गुडघा सुजला, कुणाच्या मुलाचा पंधरा दिवसांत फोन नाही, सगळं तुम्हाला ठाऊक. शर्मा भाभींचा टायफॉइड माझ्याआधी तुम्ही ओळखलात, आणि तेही त्यांनी चहात साखर दोनदा घातली एवढ्यावरून. मी वॉर्डात राउंड घ्यायची आणि तुम्ही गल्लीत.

आम्ही थाटीपुरात राहायला गेल्यावर एकदा बुधवारी मी तुमच्याकडे आले होते आणि फडताळ उघडलं, तर आत घट्ट लागलेलं दही. तुम्ही वाटी घेऊन निघालेल्या. मी चिडलेच. म्हटलं, घरात दही असताना लोकांकडे मागायला जाता, फालतूपणा नाही का हा? तुम्ही चपला घालत म्हणालात,

"दह्यासाठी कोण जातं ग, सुधा?"

आणि गेलात. मी कुलूप लावून घरी आले. दह्याची कढी करून टाकायचात तुम्ही, मुद्दाम, घरात विरजण उरू नये म्हणून, हे मला नंतर कळलं. एक्क्याऐंशीव्या वर्षी तुम्हाला ना शुगर, ना बीपी. मी सदुसष्ट वर्षांची, रोज तीन गोळ्या घेते, मोजून सहा हजार पावलं चालते, मीठ तोलून खाते. मी म्हणायची, तुमची हाडापेराची देणगी आहे, अक्का. तुम्ही म्हणायचात, मला आजारी पडायला वेळ कुठाय. हा वाद आपला कधी मिटला नाही. मी पुरावा मागायची आणि तुम्ही हसायचात.

मग फाल्गुनात तुम्ही शर्मा भाभींच्या पायऱ्यांवरून घसरलात. खुब्याचं हाड मोडलं. मी धावत पोचले तर तुम्ही जमिनीवर आडव्या आणि हातातली वाटी सरळ. तशाही अवस्थेत मला म्हणालात, हे यांच्याच फ्रीजमध्ये ठेवायला सांग. पुढे दवाखान्यात मी जे बोलले ते मला आठवतं. दह्यापायी खुबा मोडून घेतलात, आता झालं समाधान? ऑपरेशनला आत नेताना मी हे बोलले. तुम्ही भूल उतरल्यावर माझी माफी मागितलीत. माझी.

ऑपरेशन चांगलं झालं. नंदन आठ दिवस राहून गेला. तुमच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, म्हणून मी तुम्हाला थाटीपुरात माझ्याकडे आणलं. पुढचे तीन महिने मी माझ्या नोकरीत केली नसेल अशी नर्सिंग केली. कूस बदलणं, स्पंज, इंजेक्शन, व्यायाम, प्रोटीनची पावडर, सगळं घड्याळावर. वही घातली. नाडी, बीपी, ताप, किती खाल्लं, किती प्यायलं. आणि गेटवर एक पुठ्ठा टांगला. वर मराठीत, खाली हिंदीत. भेटीची वेळ चार ते पाच. चपला बाहेर काढाव्या. मास्क लावावा. बाहेरचं खाणं आणू नये.

घराला कुणी असा पुठ्ठा लावतं का, अक्का? मी लावला. ह्यांच्या शेवटच्या आठवड्यात घर माणसांनी भरलं होतं आणि कुणीतरी खोकत आलं होतं. तेच ह्यांच्या छातीत बसलं असं मी धरून आहे. डॉक्टर तसं कधी म्हणाले नाहीत. मी धरून आहे. तुमच्या बाबतीत मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

चार ते पाच. ग्वाल्हेरच्या वैशाखात, जेव्हा रस्त्यावर लूचा भाजणारा वारा चालतो आणि कुत्रंसुद्धा नालीत जाऊन बसतं, तेव्हा सत्तर-ऐंशीच्या बायकांनी शहराच्या त्या टोकाहून, लश्कर भागातल्या गोरखीतून यायचं होतं. त्या सकाळी यायच्या, दहाच्या सुमाराला, दोन ई-रिक्शा बदलून. आणि मी गेटवरच सांगायची, अक्का झोपल्यात. कधी झोपलेल्या असायचात, कधी नसायचात. त्या माझ्याशी वाद घालत नसत. हातातली वाटी द्यायच्या. पहिल्या वेळी कुसुमताई म्हणाल्या, घरचं विरजण आहे, अक्कांना पॅकेटचं दही चालत नाही ना, ह्याचं लावून देशील? मी हो म्हटलं आणि त्या वळल्यावर ते बेसिनमध्ये ओतलं. बाहेरचं खाणं. नियम म्हणजे नियम. पुढच्या वाट्यांचंही तेच केलं, नऊच्या नऊ. वाट्या परत मिळेनात तेव्हा त्या रिकाम्या हाताने यायला लागल्या, पण यायच्या थांबल्या नाहीत.

जाधवकाकूंनी एकदा पुठ्ठा पूर्ण वाचला, चष्मा लावून, खालचं हिंदीसुद्धा. त्यांचे यजमान फौजेत होते, त्या स्वतः सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, ही पाटी आमच्यासाठी पण आहे का ग? मी म्हटलं, सगळ्यांसाठीच आहे, काकू. मग त्या शेजारच्या पायरीवर दम खात दहा मिनिटं बसल्या. मी आतून जाळीतून बघत होते. पाणी विचारायला गेले नाही, कारण गेट उघडलं असतं तर त्या आत आल्या असत्या.

तुमचा बटणांचा मोबाइल पडण्याच्या गडबडीत फुटला होता. तो मी दुरुस्त करून आणला नाही. आराम हवा, म्हटलं. त्यांचे फोन माझ्या फोनवर यायचे. ठीक आहेत, सगळं नॉर्मल आहे, असं सांगून मी ठेवून द्यायची.

आणि तुम्ही रोज पाच वाजता, वाटी घेऊन निघायच्या वेळेला, विचारायचात.

"कुणी आलं होतं का ग?"

मी म्हणायची, नाही.

सुरुवातीला तुम्ही त्यांचीच बाजू घ्यायचात. ऊन केवढं आहे, नकोच म्हणावं येऊ. नंतर नुसतं बरं म्हणायला लागलात. ते चाळीस वर्षांपूर्वीचं बरं. आल्याचं सांगितलं असतं तर तुम्ही हट्ट केला असतात, बोलवा म्हणाला असतात, थकला असतात, असं मी स्वतःला समजावत होते. ज्येष्ठात एके दिवशी तुम्ही विचारलंच नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणालात, माझं मन नाही लागत ग इथे. मी म्हटलं, टीव्ही लावू? वहीत त्या दिवशी बीपी एकशेवीस-ऐंशी आहे. जेवण अर्धी पोळी.

पुढे पाव पोळी. मग दोन घास खिचडी. उठवून उभं केलं की पाय भार धरायचे, पण तुम्ही पाऊल टाकत नव्हतात. कुठे जायचंय, असं एकदा म्हणालात. तपासण्या केल्या, सगळ्या नॉर्मल. डॉक्टर घरी येऊन गेला, कालचा पोरगा, त्याच्या वयाइतकी माझी नोकरी. टाके बघितले, भुकेची गोळी लिहिली, आणि निघताना मला विचारलं की अम्मांना भेटायला कोण कोण येतं. मी म्हटलं, कुणी नाही, इन्फेक्शनची भीती आहे. तो चपला घालताघालता म्हणाला, "सिस्टर, दवा तो ठीक चल रही है। इनके लोगों को आने दीजिए।" मला राग आला. मी किती नातेवाइकांना वॉर्डातून हाकललंय, हा मला शिकवतोय.

पण मला माहीत होतं. बत्तीस वर्षं मी डोळ्यांनी बघितलंय की ज्या खाटेभोवती डबे, पिशव्या, भांडणं आणि माणसं असतात ती खाट लवकर रिकामी होते, आणि पेशंट आपल्या पायांनी घरी जातो. ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही तो औषधं तीच असून मागे पडतो. आम्ही सगळ्या सिस्टर हे जाणून होतो. चार्टवर त्याचा रकाना नव्हता, म्हणून कुणी लिहिलं नाही. घरी तर रकाने मीच आखले होते.

मग का केलं? भीतीचं सांगितलं, ते खरं आहे. दुसरंही एक आहे. हे गेल्यावर मला तुम्ही एकट्याच उरलात. तुम्हाला अख्खी गल्ली होती, मला तुम्ही. तुम्ही माझ्या घरात होतात, माझ्या हातचं खात होतात, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण माझ्या वाट्याला आला होतात. मला वाटलं, मी आहे ना. मी पुरेशी आहे. अक्का, मी कुणालाच पुरेशी पडले नसते, एकटी कुणीच पडत नाही, पण हे मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

आषाढात, मंगळवारी, पहाटे पाचला मी नाडी बघितली तेव्हा होती. साडेसहाला चहा घेऊन आले तेव्हा नव्हती. वही काढून वेळ लिहिली. मग नंदनला फोन केला. मग खाली बसले.

साडेआठपर्यंत तिघीही आल्या. गेटवर पुठ्ठा तसाच होता. जाधवकाकूंनी चपला बाहेर काढल्या, पुठ्ठ्यावर लिहिलं होतं म्हणून, आणि पदर नाकाला लावून आत आल्या. तो पुठ्ठा मी त्यानंतर उतरवला. तेरा दिवस त्या तिघींनी माझं स्वयंपाकघर चालवलं. गेटबद्दल एक अक्षर नाही. फक्त तेराव्याला पानं मांडताना कुसुमताई हळूच म्हणाल्या, "आम्ही येऊन जायचो हे अक्कांना सांगायचीस ना ग?"

मी मान हलवली. हो म्हणून.

इथपर्यंत लिहून उठले होते. आता पुन्हा बसलेय. जाऊन आले, अक्का.

वाटी रिकामी परत करू नये हे तुमच्याकडूनच ऐकलेलं. माझ्या घरात भरून द्यायला काही नव्हतं, म्हणून नऊही वाट्यांत साखर घातली, पिशवीत रचल्या आणि पाच वाजता निघाले. ई-रिक्शा बदलताना एक वाटी सांडली. गोरखीत पोचेपर्यंत घामाने निथळले, गुडघा बोलायला लागला. तेव्हा कळलं की त्या केवढं येत होत्या.

तिघीही कुसुमताईंकडे बसल्या होत्या. तुमचा सोमवार. मी वाट्या मांडल्या आणि उभ्यानेच सांगितलं. मी काल खोटं बोलले. अक्का रोज विचारायच्या आणि मी रोज नाही म्हणायची. तुम्ही आलात हे त्यांना माहीत नव्हतं. विरजण मी ओतून दिलं.

कुसुमताई रडायला लागल्या. शर्मा भाभींना मराठी सगळं कळतं, त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. जाधवकाकू म्हणाल्या,

"तुला काय मिळालं ग हे करून?"

भीती वाटत होती एवढंच म्हणाले. त्यांनी जाऊ दे म्हटलं नाही, झालं गेलं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला सहन झालं नसतं. त्यांनी बस म्हटलं. मी बसले. भाभींनी आतून चहा आणला, तोंड धुऊन आल्या होत्या. नंतर कुणी ठरवून काही बोललं नाही. पाण्याच्या टाकीचं निघालं, नंदनचं निघालं, मग तुमचं निघालं. मी आणून ठेवलेल्या दह्याची गोष्ट तुम्ही त्यांना सांगितली होती म्हणे, अर्धा किलोची. सांगताना हसायचात, आणि म्हणायचात की पोरगी नवीन गावात आलीय, चार घरं माहीत व्हावीत म्हणून पाठवत होते, पण एकदम जिद्दी आहे. हे त्यांना चाळीस वर्षं माहीत. मला आज कळलं.

निघताना जाधवकाकूंनी विचारलं, दही कुठलं आणतेस? मी म्हटलं, पॅकेटचं. त्यांनी कुसुमताईंच्या फडताळातून चमचाभर दही काढून मी परत केलेल्या एका वाटीत घातलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, बुधवारी माझ्याकडे यायचं, वाटी घेऊन. आवाज कडकच होता.

घरी येऊन दूध कोमट केलं, विरजण लावलं. मग सवयीने वही काढली. वॉर्डात आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायचो, तशी मी इथेही ठेवत होते, मागच्या पानांवर. कुणाला दाखवायला नाही, हाताला सवय म्हणून. तुमच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढली, वॉकर बाजूला केला आणि तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. ऐका.

सोमवार, सव्वादहा. कुसुमताई. विरजण. परत पाठवलं.

बुधवार, दहा. जाधवकाकू. विरजण. परत पाठवलं.

शुक्रवार, साडेदहा. शर्मा भाभी, सोबत नातू. विरजण, बेसनाचे लाडू दोन. परत पाठवलं.

पानंच्या पानं आहेत, अक्का. एकही आठवडा सुटलेला नाही. ज्येष्ठातल्या त्या दिवशी, तुम्ही विचारलं नाहीत तेव्हाही, भाभी येऊन गेल्या होत्या. शेवटची नोंद तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशीची. सोमवार, दहा वाजता, कुसुमताई. त्यापुढच्या रकान्यात मी पेशंटची अवस्था लिहिली आहे. तुम्ही जाग्या होतात.